मिठाचा हंगाम

छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगरातल्या स्वयंपाकघरांत हल्ली मोबाइल कणकेच्या डब्याला टेकवून ठेवलेला असतो. पोरांना पास्ता हवा, आईला त्याची कृती हवी आणि तीही मराठीत. मराठी मिळतेही: ‘लसणाच्या दोन लवंगा चिरून घ्या, जड मलई घाला, ग्राउंड मिरपूड आणि मीठ सह हंगाम.’ लसणाला लवंगा कधीपासून लागू लागल्या आणि मिठाचा हंगाम मृगात येतो की दिवाळीनंतर, एवढेच तेवढे सांगायचे राहून गेलेले असते.

इंग्रजीत पाकळी आणि लवंग यांना एकच शब्द, खजूर आणि तारखा यांनाही एकच. चवीपुरते मीठमसाला घालणे आणि ऋतू यांचीही तीच गत. गूगलच्या भाषांतरात मराठी 2013 साली आली. वाक्याचे तुकडे न पाडता ते अख्खे बघणारी पद्धत तिला 2017 मध्ये मिळाली. भाषांतर त्यानंतर बरेच सुधारले, पण आधी साचलेला ढीग कुणी उपसला नाही.

उलट्या वाटेनेही काही बरे चालत नाही. ‘कणीक तिंबून घ्या’, ‘डाळ बोटचेपी शिजवा’, ‘कडकडीत मोहन घाला’. तिंबणे गल्लीतल्या भांडणातही होते, बोटचेपेपणा मंत्रालयातही चालतो आणि मोहन हा कुणाचा तरी धाकटा भाऊ असावा, असे यंत्राला वाटले तर त्याला दोष कसा द्यावा?

चीनने हे प्रकरण गंभीरपणे घेतले होते. तिथल्या मेनूकार्डांवर कोवळ्या कोंबडीचे इंग्रजीत ‘लैंगिक जीवन नसलेली कोंबडी’ झाले होते आणि सिचुआनच्या एका झणझणीत पदार्थाचे ‘नवराबायकोच्या फुफ्फुसाचे काप’. 2008 च्या ऑलिंपिकला जगभरचे पाहुणे येणार म्हटल्यावर बीजिंगच्या अधिकाऱ्यांनी पदार्थांच्या इंग्रजी नावांची यादीच काढली. आपल्या शहराने नान खलियाचे भाषांतर करण्याच्या भानगडीत न पडता तो नावानिशी खपवला, हे शहाणपणच म्हणायचे.

मराठीला पाककृतीची भाषा नव्याने घडवायची आहे, असेही नाही. कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ 1970 सालचे. वाटी आणि चमचा एवढ्या मापांवर त्यांनी नवख्या सुनांना रांधायला शिकवले. परतणे, भाजणे, उकडणे, एक वाफ आणणे यांतला फरक मराठी घरात शाळेत न गेलेल्या आजीलाही ठाऊक असतो. यंत्राला तो ठाऊक नाही, आणि यंत्राने दिलेले जसेच्या तसे छापणाऱ्याला तो जाणून घ्यायचा नाही. खरी तक्रार या दुसऱ्याबद्दल आहे.

कायद्याचाही धाक नाही. अन्नपदार्थांच्या लेबलांविषयीचे 2020 चे केंद्रीय विनियम पाकिटावरची सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत मागतात. बाकीच्या भाषा ऐच्छिक. त्यामुळे पाकिटावरची मराठी ही कंपनीची मेहरबानी, आणि मेहरबानीचे शुद्धलेखन कोण तपासणार?

मराठीत कृती देणाऱ्या कंपन्यांनी एवढेच करावे: मजकूर छापखान्यात धाडण्याआधी मेसचे डबे करणाऱ्या एखाद्या बाईला तो वाचायला द्यावा. गारखेडा-पुंडलिकनगर परिसरात अशी बाई शोधायला लांब जावे लागणार नाही. आणि वाचण्याचे मानधन मात्र रोख द्यावे.