भाडेकरूचा हक्क, पण एका महिन्याच्या भाड्यापुरता

जबलपूर : छत गळते, भिंत फुगली आहे आणि घरमालक दाद देत नाही, अशा वेळी मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, १९६१ भाडेकरूच्या बाजूने उभा राहतो. लेखी नोटिशीनंतर वाजवी मुदतीत काम न झाल्यास भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. अडचण मर्यादेची आहे. ही वजावट वार्षिक भाड्याच्या बाराव्या हिश्शापुढे, म्हणजेच एका महिन्याच्या भाड्यापुढे जाऊ शकत नाही. महाराष्ट्रात ती एक चतुर्थांश आहे. महिना ३०० रुपये भाड्याच्या जुन्या घरात वर्षाचे ३०० रुपये गवंड्याच्या एका दिवसालाही पुरत नाहीत. घर राहण्याजोगेच उरले नसेल, तर अधिक खर्चासाठी भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याची परवानगी लागते.

खरा पेच पुढे आहे. घर असुरक्षित असून रिकामे केल्याशिवाय दुरुस्ती अशक्य असणे, हे याच कायद्यात निष्कासनाचे एक कारण आहे. साहजिकच दुरुस्ती टाळणे मालकाच्या पथ्यावर पडू शकते. दुरुस्तीनंतर पुन्हा ताबा मिळण्याची तरतूद आहे खरी. पण तोवर कुटुंबाने राहायचे कोठे? २२ मे १९९७ चा भूकंप सोसलेल्या या शहरात हा प्रश्न पुस्तकी नव्हे.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात दरमहा निम्म्या भाड्यापर्यंत वजावट आहे. तो स्वीकारणे मात्र राज्यांच्या हाती असून जुन्या भाडेकरूंना तो लागू नाही.

रागाच्या भरात भाडे थांबवणे सर्वांत धोक्याचे. मागणीची नोटीस मिळाल्यापासून दोन महिन्यांत थकबाकी न भरल्यास निष्कासनाचा दावा दाखल होऊ शकतो.