बाप जखमी, आणि चित्रात कोणीच नाही

परवा एक दोस्त भडकला. म्हणाला, ‘ह्या गोऱ्यांच्या स्वप्नांचं आपण काय लोणचं घालायचं?’ विषय होता ईव्ह तांगी, फ्रेंच अतिवास्तववादी चित्रकार. मी गोदीत माल उतरवणारा, मॅट्रिकपर्यंत शिकलेला. तरी सांगतो, ह्या माणसाला असा फेकून देऊ नका.

तांगी १९०० साली पॅरिसात जन्मला. बाप नौदलातला निवृत्त कप्तान. म्हणजे आपल्यासारखा उपाशी पोटाचा नव्हे, हे आधीच कबूल. पण १९१८ साली पोरगं व्यापारी जहाजांवर कामाला गेलं. चित्रं शिकायला कुठल्या शाळेत गेलं नाही. १९२३च्या सुमारास बसमधून जाताना एका काचेआड द किरिकोचं चित्र दिसलं. गडी चालत्या बसमधून उतरला म्हणतात. मग आपला आपणच रंगवायला लागला. कलाशाळेचा दाखला मागणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

१९२७ सालचं त्याचं एक चित्र आहे : ‘आई, बाबा जखमी झालेत!’ तांगी आणि आन्द्रे ब्रेताँ चित्रांची नावं मानसोपचाराच्या पुस्तकांतून धुंडाळायचे. चित्रात काय? राखाडी, ओसाड सपाटी. एक केसाळ खांबासारखं काहीतरी. काळ्या सावल्या. आई नाही, बाबा नाही.

समीक्षक म्हणतात, हे स्वप्न. मी म्हणतो, साला, हा पंचनामा आहे! माझ्या बापाच्या पायावर गोदीत पेटी पडली. पाय कायमचा गेला. कागदावर किती पेट्या फुटल्या ते बरोबर लिहिलं होतं. बाप कुठंच नव्हता. वर नावात किंकाळी, खाली रिकामी जमीन. तांगीच्या मनात काय होतं कोण जाणे, पण मला त्यात तो कागद दिसतो.

आणि हा नुसता स्वप्नाळू नव्हता. १९३१ साली पॅरिसात वसाहतींचं मोठं प्रदर्शन भरलं. लुटलेल्या मुलखांची जत्राच! ‘हे प्रदर्शन बघायला जाऊ नका’ म्हणून अतिवास्तववाद्यांनी पत्रक काढलं. त्याखाली तांगीची सही आहे.

माझं भांडण पुढं आहे. १९३९ साली तो अमेरिकेला गेला, १९५५ साली तिथंच मेला. मरणाच्या आदल्या वर्षी काढलेल्या मोठ्या चित्रात क्षितिजापर्यंत दगडच दगड खच्चून भरलेत. माणूस तिथंही नाही. सही करताना जो माणूस त्याला दिसला, तो ब्रश धरताना का दिसू नये?

पण दोस्तहो, हा जाब त्याला विचारून आपण मोकळे होणार काय? ओसाड जागा त्यानं नेमकी दाखवली. तिथं माझ्या बापाला मीच उभा करीन. तुमच्या बापाला तुम्ही करा.