डोंगरउतारावरचे तीन ढोल

२१ एप्रिल १९६६. इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी यांचे विमान जमैकात किंग्स्टनला उतरले आणि रास्ताफारींचा लोंढा थेट धावपट्टीवर घुसला. ज्यांना देव मानले ते साक्षात आले होते. सोबत ढोल नसते तरच नवल. त्या दिवसाच्या स्मरणार्थ जमैकातली रास्ता मंडळी दरवर्षी आपल्या उपासनेतले न्याबिंगी ढोल घुमवतात. या ढोलांचे जगाच्या संगीतावर जे ऋण आहे, त्याची आठवण या निमित्ताने व्हावी.

न्याबिंगीत ढोल तीन. ‘बास’ सर्वांत मोठा, गुबगुबीत टोकाच्या काठीने घुमवायचा. ‘रिपीटर’ लहान आणि चढ्या आवाजाचा. त्याने वाटेल तसे खेळावे. दोघांच्या मध्ये ‘फंडे’, हृदयाच्या ठोक्यासारखी दुहेरी थाप देत राहणारा. टाळ्या रिपीटरवाला घेतो. आम्हाला मात्र तासन्‌तास तीच थाप न ढळू देणारा फंडेवाला मोठा वाटतो. रेगेतल्या गिटारच्या तुटक ठेक्यात अनेक जाणकारांना त्याचीच चाल ऐकू येते.

न्याबिंगीची मुळे ज्यात आहेत ते, गुलामगिरीच्या काळापासून तगलेले ‘बुरू’ वादन ढोलवादक काउंट ऑसी यांनी आत्मसात केले आणि किंग्स्टनच्या पूर्वेला, वारेइका टेकड्यांच्या परिसरात वादकांचा तळ उभारला. डॉन ड्रमंड, रिको रॉड्रिग्ज यांच्यासारखे कसलेले ट्रॉम्बोनवादक तिथे येऊन या ढोलांबरोबर वाजवत. एरवी सभ्य किंग्स्टन त्या वस्तीकडे फिरकत नसे. सरकारचे वागणे तर त्याहून वाईट. १९६३ मध्ये कोरल गार्डन्स इथे झालेल्या हिंसक घटनेनंतर पोलीस व सैनिकांनी रास्तांची सरसकट धरपकड केली, मारहाण केली, त्यांच्या जटा कापल्या. त्याबद्दल पंतप्रधानांची माफी आली २०१७ मध्ये. पुढच्याच वर्षी रेगे युनेस्कोच्या वारसा यादीत गेले. वारशाचा मान मिळवायचा तर आधी माफी मागावी लागते, एवढे तरी जमैकाला कळले म्हणायचे.

पण श्रेयाचा हिशेब तिथेही मिटत नाही. १९६०च्या सुमारास संगीत-निर्माता प्रिन्स बस्टरने ऑसींचे ढोल स्टुडिओत नेले आणि फोक्स बंधूंचे ‘ओ कॅरोलिना’ ध्वनिमुद्रित झाले. १९९३ मध्ये गायक शॅगीने तेच गाणे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर नेले, आणि पैसा आला तसा वाद कोर्टात गेला. गीत बस्टरचे की जॉन फोक्सचे, यावर लंडनमध्ये खटला चालला. निकाल फोक्सच्या बाजूने लागला. ऑसी १९७६ मध्येच गेले होते. शब्द आणि चाल यांचा मालक कायद्याला ठरवता येतो. पिढ्यान्‌पिढ्या हातोहात आलेल्या ठेक्याचा वाटा कोणाच्या नावे लिहायचा, यासाठी त्याच्याकडे रकानाच नाही.