‘वय झाले’ असे म्हणण्यापूर्वी



आपल्या नाशिक जिल्ह्यातील मालेगाव शहराने अवघ्या दोन वर्षांच्या अंतराने दोन भीषण बॉम्बस्फोट सोसले. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बरातच्या दिवशी, शुक्रवारची नमाज आटोपत असताना हमीदिया मशीद व बडा कब्रस्तानच्या परिसरात आणि मुशावरत चौकात स्फोट झाले. तिसाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पुढे २९ सप्टेंबर २००८ च्या रात्री, रमजानच्या अखेरच्या दिवसांत, भिक्कू चौकातील स्फोटात सहा जणांचा बळी गेला आणि जवळपास शंभर जण जखमी झाले. या दुसऱ्या घटनेच्या खटल्याचा निकाल मुंबईतील विशेष न्यायालयाने ३१ जुलै २०२५ रोजी दिला व सातही आरोपींची निर्दोष मुक्तता केली. घटना आणि निकाल यांमध्ये जवळपास सतरा वर्षे गेली.

निकालाची चर्चा करणे हे या स्तंभाचे काम नव्हे. मला बोलायचे आहे ते त्या सतरा-अठरा वर्षांत घरोघरी जगत राहिलेल्या जखमींविषयी. त्या वेळी पन्नाशीत असलेला माणूस आज सत्तरीकडे झुकला आहे. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी मुंबईच्या लोकलगाड्यांत झालेल्या सात स्फोटांतून वाचलेले, १३ फेब्रुवारी २०१० रोजी पुण्याच्या जर्मन बेकरीतून बाहेर आलेले लोकही आता तितकेच पुढे आले आहेत. त्यांच्यातील कित्येकांना आज ऐकू कमी येते, झोप लागत नाही, चिडचिड होते, चारचौघांत बसणे नकोसे वाटते. आणि या सगळ्याला घरात एकच उत्तर मिळते, ‘आता वय झाले.’ हे उत्तर अनेकदा अपुरे असते, क्वचित धोक्याचेही असते.

प्रथम स्फोट शरीरावर काय परिणाम करतो ते समजून घेऊ. स्फोटाच्या क्षणी हवेचा दाब एकाएकी प्रचंड वाढतो व त्या दाबाची लाट चहूकडे पसरते. शरीरात जेथे जेथे हवा असते, तेथे ही लाट अधिक इजा करते. म्हणूनच कान, फुफ्फुसे आणि आतडी ही तिची पहिली लक्ष्ये. यांपैकी सर्वांत नाजूक कानाचा पडदा. रेल्वेचा डबा किंवा खोली अशा बंदिस्त जागेत ही लाट भिंतींवरून परत फिरते, त्यामुळे इजा वाढते. त्यानंतर उडालेले खिळे, काचा, पत्र्याचे तुकडे शरीरात शिरतात, माणूस फेकला जाऊन डोके आपटते, कुठे भाजते. वाहणारी जखम सर्वांना दिसते. कान, डोके आणि मन यांची जखम दिसत नाही, म्हणून ती नोंदलीही जात नाही. ज्याला ‘किरकोळ जखमी’ म्हणून मलमपट्टी करून घरी पाठवले जाते, त्याच्याच बाबतीत हे अधिक घडते.

कानाचे उदाहरण घेऊ. मालेगाव हे यंत्रमागांचे शहर. दिवसाचे दहा-बारा तास मागांच्या खडखडाटात काढणाऱ्या माणसाचे कान तसेही हळूहळू निकामी होत असतात. माझ्याकडे मधुमेहाच्या औषधांसाठी येणारे एक वृद्ध विणकर आता मुलाकडे नाशिकला राहतात. मुलाची तक्रार अशी, की वडील हट्टी झाले आहेत, हाक मारली तर उत्तर देत नाहीत, लग्नसमारंभात कोपऱ्यात बसून राहतात. घरच्यांच्या मते हे वयाचे आणि मागाच्या आवाजाचे फळ होते. बोलता बोलता कळले, की २००६ च्या त्या शुक्रवारी ते स्फोटापासून थोड्याच अंतरावर होते आणि उजव्या कानात तेव्हापासून सतत शिटीसारखा आवाज येतो. गेल्या इतक्या वर्षांत हे त्यांनी कोणाला सांगितले नव्हते, कारण ‘जेथे माणसे गेली, तेथे कानाचे काय घेऊन बसायचे’ अशी त्यांची भावना होती.

मागाच्या आवाजाने किंवा वयाने येणारे बहिरेपण सावकाश येते आणि बहुधा दोन्ही कानांत सारखेच असते. स्फोटाने येणारे बहिरेपण एकाएकी येते आणि स्फोटाच्या बाजूचा कान सहसा अधिक दुबळा असतो. श्रवणचाचणीत, म्हणजे ऑडिओमेट्रीत, हा फरक बऱ्याच वेळा स्पष्ट होतो. या गृहस्थांच्या चाचणीतही उजवा कान डाव्यापेक्षा पुष्कळच कमी ऐकतो असे आढळले. गेलेले ऐकणे परत आणता आले नाही, परंतु योग्य कर्णयंत्रामुळे आता ते नातवंडांच्या बोलण्यात भाग घेतात. त्यांचा ‘हट्टीपणा’ही निम्म्याहून अधिक ओसरला. ऐकू कमी येणे हा स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या धोक्यांपैकी एक मानला जातो, हेही येथे लक्षात घ्यावे. जो ऐकत नाही तो बोलणे सोडतो, आणि जो बोलणे सोडतो तो हळूहळू माणसांतून उठतो.

इजा नुकतीच झाली असेल, तर एक सूचना कटाक्षाने पाळावी. आपल्याकडे कान दुखला की लसूण घालून तापवलेले तेल सोडण्याची पद्धत आहे. स्फोट, मोठा फटाका किंवा कानशिलावर बसलेला मार यानंतर कानात तेल, पाणी, औषध काहीही घालू नये. पडद्याला पडलेले लहान छिद्र पुष्कळदा काही आठवड्यांत आपोआप भरून येते, मात्र त्यासाठी कान कोरडा राहिला पाहिजे. एकाएकी ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. यात काही दिवसांचाच अवधी हाती असतो. महिन्याभराने गेल्यास उपचारांचा उपयोग फारसा राहत नाही.

दुसरी बाब डोक्याच्या माराची. वयाबरोबर मेंदू किंचित आकसतो आणि त्याच्यावरील बारीक शिरा ताणलेल्या राहतात. अशा वेळी लहानसा मार लागला तरी मेंदूच्या आवरणाखाली थेंब थेंब रक्त साचू शकते. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत हा धोका अधिक. त्या दिवशी काहीच जाणवत नाही. दोन-तीन आठवड्यांनी, कधी दोन महिन्यांनीही, डोकेदुखी, दिवसा झापड, चालताना तोल जाणे, बोलण्यात गोंधळ, एका हाता-पायातील शक्ती कमी होणे असे काही सुरू होते. घरातील मंडळी म्हणतात, ‘धक्का बसला आहे’ किंवा ‘म्हातारपण आले’. सीटी स्कॅन केल्यास हे रक्त दिसते व वेळीच काढल्यास बहुतेक रुग्ण चांगले सुधारतात. म्हणून अपघात असो वा स्फोट, वृद्ध माणसाच्या डोक्याला मार लागल्याची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी आणि पुढील दोन महिने त्याच्या चालण्या-बोलण्याकडे लक्ष असू द्यावे.

छातीचेही तसेच. स्फोटाच्या जवळ असलेल्या माणसास पहिल्या एक-दोन दिवसांत धाप लागली, छातीत दुखले किंवा खोकल्यातून रक्त आले, तर बाहेर एकही जखम नसली तरी तातडीने रुग्णालय गाठावे.

काही जखमींच्या शरीरात धातूचे बारीक तुकडे कायमचे राहून जातात. ते त्रास देत नसतील तर न काढणेच हितावह ठरते. परंतु अनेक वर्षांनी गुडघ्यासाठी वा मणक्यासाठी एमआरआय करायची वेळ येते, तेव्हा ही गोष्ट तेथील तंत्रज्ञाला आवर्जून सांगितली पाहिजे. एमआरआयच्या शक्तिशाली चुंबकामुळे लोखंडी तुकडा जागचा हलू शकतो. आजोबांना आठवत नसेल, तर मुलांनी-सुनांनी ते सांगावे. फाईलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवलेले उत्तम.

आता मनाविषयी. भयंकर प्रसंगानंतर काही दिवस झोप न लागणे, दचकणे, डोळ्यांपुढे तेच दृश्य येणे हे स्वाभाविक आहे. बहुसंख्य लोक आप्तांच्या आधाराने त्यातून सावरतात. हे सारे महिन्याहून अधिक काळ टिकले आणि रोजच्या जगण्यात अडथळा आणू लागले, तर तो आजार समजून उपचार करावेत. वृद्धांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट दिसते. कामाच्या रगाड्यात दबून गेलेली भीती निवृत्तीनंतर, जोडीदार गेल्यावर किंवा मोठ्या आजारपणात पुन्हा डोके वर काढते. कोणी वरातीतील फटाके वाजताच दार लावून घेतो, कोणी गर्दीच्या बाजारात जाणे सोडतो, कोणी विनाकारण चिडतो. निकालाच्या दिवसांत दूरचित्रवाणीवर तीच जुनी दृश्ये तासन् तास फिरत राहतात. त्या रात्री अशा घरांत झोप लागत नाही. बातमी एकदा ऐकावी आणि संच बंद करावा, हा साधा उपाय आहे.

ही जखम फक्त घटनास्थळी असलेल्यांनाच होते असे नाही. त्या रात्री एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात नवऱ्याला किंवा मुलाला शोधत फिरलेल्या स्त्रियांची कोणत्याही यादीत नोंद नसते. आज त्यांच्यापैकी अनेकजणी आजी झाल्या आहेत. त्यांचीही विचारपूस व्हायला हवी.

अशा माणसाशी कसे बोलावे? ‘विसरून जा’, ‘इतक्या वर्षांनी काय’ असे म्हणू नये. खोदून खोदून सांगायला लावणेही तितकेच अयोग्य. तो आपणहून बोलू लागला तर हातातले काम बाजूला ठेवून ऐकावे, न बोलल्यास शेजारी बसावे. झोपेची गोळी दुकानातून परस्पर आणू नये. अशा गोळ्यांची सवय लागते, वृद्धांचा रात्री तोल जाऊन खुब्याचे हाड मोडते आणि मूळ भीती तशीच राहते. यासाठी मानसोपचारात बोलण्याच्या परिणामकारक पद्धती आहेत आणि सवय न लागणारी औषधेही आहेत. सुरुवात कोठून करावी हे कळत नसेल, तर शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक लावावा. तो निःशुल्क आहे.

घरात असे कोणी असेल, तर या पंधरवड्यात त्यांना तीन प्रश्न विचारावेत. दोन्ही कानांनी सारखे ऐकू येते का? रात्री झोप लागते का, की मध्येच दचकून जाग येते? अंगात एखादा तुकडा राहिला आहे का? यांतील एकाही उत्तराने शंका आली, तर आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जावे आणि स्फोटाची तारीख आपणहून सांगावी. रक्तदाब-साखरेच्या गडबडीत आम्ही डॉक्टर ती विचारतोच असे नाही. जुनी डिस्चार्ज कार्डे, क्ष-किरण चित्रे व पोलीस कागदपत्रे जपून ठेवावीत. नुकसानभरपाई किंवा श्रवणदिव्यांगतेचे प्रमाणपत्र यांसाठी ती उपयोगी पडतात.

वय सर्वांचेच होते. पण वयाच्या नावावर टाकलेले प्रत्येक दुखणे वयाचे नसते, आणि जे वयाचे नाही त्यातले बरेचसे आजही कमी करता येते.