शिशिरातील प्रवास आणि वैद्याचे कर्तव्य

मालवण तालुक्यातील आंगणेवाडीच्या श्रीभराडी देवीच्या जत्रेस ठरलेली तिथी नसते. देवीचा कौल घेऊन दिवस निश्चित होतो आणि तो जाहीर होताच मुंबईतील चाकरमानी तिकिटांच्या मागे लागतात. हा प्रवास बहुधा फेब्रुवारीत, म्हणजे ऐन शिशिरात घडतो. रात्रीची गाडी, पहाटेची थंडी, दर्शनाची लांबलचक रांग आणि उपवास या साऱ्यांत घाईने निघालेल्या वृद्धांची औषधे मात्र घरीच राहतात. मग कुडाळ-कणकवलीपासून मसुऱ्यापर्यंतच्या वैद्यांकडे व औषध दुकानांत एकच प्रश्न येतो : “गोळ्या मुंबईस राहिल्या, आपले काही चालेल का?”

या प्रश्नाचे उत्तर आपण गांभीर्याने द्यावयास हवे. रक्तदाब, मधुमेह वा अपस्माराची चालू औषधे दोन दिवसांपुरती आपल्या औषधांनी बदलणे हा उपाय नव्हे. अपस्माराचे औषध एकाएकी थांबल्यास आकडी येऊ शकते. हृद्रोग्याची काही औषधे अचानक तुटल्यास छातीत कळ उठू शकते. अशा वेळी रुग्णाच्या मूळ चिकित्सकाशी दूरध्वनीवर बोलून तेच औषध रीतसर मिळवून देणे हीच खरी सेवा होय.

त्याहून बरे म्हणजे ही वेळच येऊ न देणे. आपल्या संहितांनी हेमंत-शिशिरात अग्नी प्रबळ असतो व त्यास आहार न मिळाल्यास तो शरीरातील रसावरच चालतो, असे सांगितले आहे. शिशिरात आदानकाळाची रूक्षताही येते. म्हणून रिकाम्या पोटी प्रवास टाळणे, स्निग्ध-उष्ण आहार घेणे, कान व छाती झाकणे, ही प्रवासाची ऋतुचर्याच आहे. तमक श्वासाच्या रुग्णास हे आवर्जून सांगावे आणि त्याचा इनहेलर खिशात आहे ना, हेही विचारावे.

प्रत्येक चिकित्सालयाने एक साधे कार्ड छापून घ्यावे. त्यावर व्याधी, दोन्ही शास्त्रांची चालू औषधे व मात्रा, न सोसणारी औषधे आणि नातेवाइकांचा दूरध्वनी क्रमांक असावा. औषधे ठरलेल्या दिवसांपेक्षा दोन-तीन दिवस जास्त द्यावीत व ती हातपिशवीतच ठेवण्यास सांगावे. औषधालय चालकांनी प्रवासासाठी म्हणून रसौषधी सहज हाती देऊ नयेत. वत्सनाभ, कुचला, पारद आदी द्रव्ये असलेल्या कल्पांवर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापणे कायद्याने बंधनकारक आहे, ती काही शोभेसाठी नव्हे.

आता सर्वांत महत्त्वाचे. घाम फुटून छातीत दुखणे, एका बाजूचे हातपाय लुळे पडणे, वाणी अडखळणे, दम लागून बोलता न येणे, या आत्ययिक अवस्थांत काढा वा अभ्यंग करीत बसू नये. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते. आंबोली, फोंडा वा करूळ घाटात गाडी अडकली तर त्यातील किती वेळ उरतो, याचा हिशेब ज्याने-त्याने करावा. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. तो क्रमांक कार्डावर ठळक असावा. बेशुद्ध रुग्णाच्या तोंडात काहीही घालू नये. मधुमेही शुद्धीवर असून घामाघूम व थरथरत असेल तर मात्र लगेच साखर द्यावी.

रुग्ण दुसरीकडे पाठविला तर विश्वास उडेल, अशी भीती काही वैद्यबंधूंस वाटते. परंतु पक्व गुल्माच्या चिकित्सेत शल्यवैद्यांचा अधिकार चरकसंहितेनेच मान्य केला आहे. आपल्या मर्यादा ओळखणे हे शास्त्राचेच अंग आहे. वेळेवर पाठविलेला रुग्ण बरा होऊन पुढच्या जत्रेस येतो, तेव्हा प्रकृती दाखविण्यास प्रथम आपल्याच दारी येतो.