सोडलेले वाक्य

पर्युषणासाठी आम्ही आठ जणांनी मिळून ‘चंदनबाला’ ही नाटिका लिहावयास घेतली. तीर्थंकरांची भूमिका कोणी करावयाची नाही, हे प्रथमच ठरले. मग ५ महिने २५ दिवसांच्या उपवासानंतर दाराशी आलेले आणि चंदनेच्या डोळ्यांत अश्रू नाहीत म्हणून माघारी वळणारे भगवान दाखवावे कसे? मी पानभर निवेदन लिहिले. गटातील सर्वांत तरुण भगिनीने ते खोडून सुचविले : उडदाचे बाकुळे असलेले सूप पुढे धरून चंदना नुसती पाहत राहील, हात हळूहळू खाली येतील, डोळे भरतील. मी दुखावलो. वाचनाच्या वेळी मात्र सारे स्तब्ध झाले. स्वतःच्या शब्दांचा मोह हाही परिग्रहच, हे तेव्हा उमगले.