वणव्याची पहिली घटका गावाची असते

उत्तराखंडात १५ फेब्रुवारीला वणव्याचा हंगाम सुरू होतो आणि १५ जूनला तो अधिकृतपणे संपतो. २०२४ साली हंगाम संपायला दोन दिवस उरले असताना, १३ जूनला, अल्मोडा जिल्ह्यातील बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेले चार जण होरपळून मृत्युमुखी पडले आणि आणखी चार जण भाजले. त्यांत वनखात्याच्या नियमित कर्मचाऱ्याबरोबर हंगामी अग्निरक्षक आणि रोजंदारी मजूरही होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नैनितालजवळच्या आगीवर हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने भीमतालचे पाणी ओतल्याची दृश्ये देशभर पाहिली गेली. पण हिमालयातील बहुतेक वणवे विझतात ते पायी गेलेल्या, हातात हिरव्या फांद्या घेतलेल्या माणसांकडून. या विषयावरच्या बातम्यांत ही माणसे फारशी दिसत नाहीत.

भारतात वणव्यांच्या पूर्वसूचनेचे तंत्र खरोखर प्रगत झाले आहे. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांच्या साहाय्याने वणव्यांचे इशारे देते. पूर्वी ‘मोडिस’ या संवेदकाला सुमारे एक किलोमीटरचा ठिपका दिसे. आता ‘व्हीर्स’ला ३७५ मीटरचा दिसतो. इशारा थेट बीटवरच्या वनरक्षकाच्या मोबाइलवर पोहोचतो आणि नोंदणी केल्यास सामान्य नागरिकालाही मिळू शकतो. याच संस्थेच्या २०१९ च्या अहवालानुसार देशाच्या वनाच्छादनापैकी सुमारे ३६ टक्के क्षेत्राला वारंवार वणवे लागण्याचा धोका आहे. एवढ्या विस्तारावर आकाशातून नजर ठेवण्याला पर्याय नाही, हे मान्यच करावे लागेल.

मात्र हे उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा एखाद्या ठिकाणावरून जातात. दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात लागलेली आग, दाट छत्राखाली पालापाचोळ्यातून सरपटणारी आग किंवा ठिपक्याच्या मानाने फार लहान असलेली आग त्यांच्या नजरेतून सुटू शकते. डोंगरउतारावर तर प्रत्येक मिनिट महाग असते. उतार दहा अंशांनी वाढला की वर चढणाऱ्या आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. कारण ज्वाळा वरच्या बाजूच्या इंधनाकडे झुकतात आणि ते पेटण्याआधीच त्याला तापवून कोरडे करतात. म्हणून पहिली घटका गावाची असते आणि त्या घटकेत काय घडेल हे गावाने आधीच्या दोन-तीन महिन्यांत केलेल्या तयारीवर ठरते.

ही तयारी अवघड नाही, पण तिला शास्त्राचा आधार हवा. आगीला उष्णता, प्राणवायू आणि इंधन या तीन गोष्टी लागतात; त्यांपैकी केवळ इंधनावर गावकऱ्याचा ताबा चालतो. कुमाऊँ-गढवालच्या मधल्या उंचीवर हे इंधन म्हणजे चिडाच्या वाळलेल्या सुया, ज्यांना तिथे ‘पिरूल’ म्हणतात. राळयुक्त असल्याने त्या लवकर कुजत नाहीत आणि नेमक्या उन्हाळ्यात त्यांचा जाड थर जमिनीवर साचतो. घराभोवती दहा-पंधरा मीटरपर्यंत पिरूल व वाळके गवत झाडून काढणे, गवताच्या गंजी आणि सरपण घरापासून दूर रचणे, छपरावरचा पालापाचोळा काढणे ही कामे साधी दिसतात. परंतु अनेकदा घर पेटते ते ज्वाळांनी नव्हे, तर वाऱ्याबरोबर उडून गंजीवर पडलेल्या ठिणगीने. गावाच्या वरच्या व खालच्या अंगाला जाळरेषा स्वच्छ ठेवणे, गुरांच्या दावणी कोणी सोडायच्या आणि वृद्धांना कोणत्या वाटेने न्यायचे हे आधी ठरवणे, आग खाली असताना चढावर कधीही न थांबणे, हे त्याच तयारीचे पुढचे भाग.

अल्मोडा जिल्ह्यातील शीतलाखेत परिसराने याहून एक पाऊल पुढे टाकले आहे. शेतातील काडीकचरा आणि झुडपे गोळा करून जाळण्याच्या प्रथेला तिथे ‘ओण’ म्हणतात. हीच आग अनेकदा जंगलात शिरते. तिथल्या गावांनी प्रथा मोडली नाही, तिचे वेळापत्रक बदलले. रान अजून ओलसर असताना, मार्चअखेरपर्यंत ओण जाळून संपवायचा आणि १ एप्रिल हा ‘ओण दिवस’ म्हणून पाळायचा. देशातील बहुसंख्य वणव्यांमागे माणसाचा हात असतो, हे वाक्य अहवालांतून वारंवार येते. शीतलाखेतने दाखवले की ज्या हातातून आग निसटते, त्याच हाताने ती आधी आवरताही येते.

यावर आक्षेप घेतला जातो की गावकरीच नव्या गवतासाठी डोंगर पेटवतात, मग त्यांच्या हाती कारभार कसा द्यायचा? आक्षेपात तथ्य आहे, पण इतिहास अर्धाच सांगितला जातो. विसाव्या शतकाच्या आरंभी कुमाऊँतील जंगले इंग्रज सरकारने राखीव केली, चराई आणि सरपणाचे हक्क आखडले आणि १९२१ साली लोकांनी ती जंगले जाळून निषेध नोंदवला. त्या उठावानंतर सरकारला माघार घ्यावी लागली आणि १९३१ मध्ये वन पंचायतींचे नियम झाले. आज उत्तराखंडात अशा अकरा हजारांहून अधिक पंचायती आहेत. जंगल परके झाले की त्याची आगही परकी होते, हा त्या इतिहासाचा धडा आहे.

कायद्याची बाजू पाहिली तर विसंगती अधिकच ठळक होते. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातील कलम ७९ नुसार जंगलात हक्क बजावणाऱ्या प्रत्येकावर आगीची खबर देण्याचे आणि ती विझवण्यास मदत करण्याचे बंधन आहे. म्हणजे आगीसमोर उभे राहणे हे त्याचे कर्तव्य ठरते; परंतु जाड सुती कपडे, बूट, पंजे, धुरासाठी योग्य मुखपट्टी, प्रशिक्षण आणि विमा देण्याचे तसेच बंधन हे कलम कोणावर टाकत नाही. ओला रुमाल धुरातील सूक्ष्म कण अडवू शकत नाही. एन-९५ मुखपट्टी त्यांतील बराच भाग अडवते. हंगामाआधी दर वन पंचायतीला या साहित्याचा संच मिळणे हा उपकार नव्हे, कर्तव्याची दुसरी बाजू आहे. २०२४ च्या मे महिन्यात उत्तराखंड सरकारने पिरूल किलोला ५० रुपयांनी घेण्याची घोषणा केली. दिशा योग्य होती. पण हंगाम ऐन भरात असताना झालेली खरेदी त्या वर्षीची आग रोखायला उशिराची ठरते. हे काम फेब्रुवारीत सुरू व्हायला हवे.

सर्वांत दुर्लक्षित राहतो तो आगीनंतरचा काळ. वणवा विझला की बातमी संपते, पण डोंगराचे दुखणे तेव्हा सुरू होते. तीव्र आगीत जळलेल्या सेंद्रिय द्रव्याचा मेणासारखा लेप मातीच्या कणांवर बसतो, पाणी जिरत नाही आणि पंधरा-वीस दिवसांत येणारा पहिला पाऊस राखेसह माती ओढून नेतो. ती राख गावाच्या नौल्यात, म्हणजे दगडी बांधणीच्या झऱ्यात, उतरते. म्हणून पाऊस येण्याआधी उतारावर आडवे ओंडके लावणे, ओघळींत दगडांचे किंवा पिरूलच्या गाठोड्यांचे बांध घालणे, नौले झाकणे आणि सुरुवातीचे गढूळ पाणी न पिणे आवश्यक ठरते. जळालेल्या बांजाच्या बुंध्यातून पुन्हा धुमारे फुटतात. त्यांना दोन-तीन वर्षे चराईपासून वाचवले तर घाईच्या वृक्षारोपणापेक्षा ते अधिक साधतात. नुकसानीची छायाचित्रे व पंचनामा राख उपसण्याआधीच व्हायला हवा. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या यादीत ‘आग’ आहे, पण पुरावा राखेबरोबर वाहून जातो.

उपग्रह आग कुठे आहे ते सांगतो. ती आग गावाच्या वेशीवर येईल तेव्हा पिरूल झाडलेला असेल का, विझवणाऱ्याच्या पायात बूट असतील का आणि पुढच्या पावसात नौल्याचे पाणी नितळ राहील का, या प्रश्नांची उत्तरे जमिनीवरच तयार करावी लागतात. बिनसरच्या त्या चौघांपुढे हे प्रश्न नेमके कोणत्या रूपात उभे होते, ते आता विचारता येणार नाही. पुढच्या १५ फेब्रुवारीपूर्वी ते निदान जिवंत माणसांना विचारले जावेत.

#वणवा #उत्तराखंड #वनपंचायत #विज्ञान